सालीलगतचं वर्ष

अंधेरीच्या पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर आमची लाकडाची वखार होती. आमची म्हणजे शेठची. पण तिथे राबणारे सगळेच तिला आमची म्हणत आणि शेठची त्याला हरकत नसे. गोरेगावच्या स्टुडिओंना सेट उभारायला स्वस्तातल्या फळ्या इथूनच जात. सागवान मात्र वेगळ्या छपराखाली असायचं आणि त्या छपराची जबाबदारी माझ्याकडे होती.

मी सहावी अर्ध्यावर सोडलेला. गावात शाळा चौथीपर्यंत, पुढची तीन कोसांवर. पासष्ट-सहासष्ट अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस धड झाला नाही, तेव्हा वडलांनी मला शाळेतून काढून कामाला लावलं आणि पुढे मुंबईला पाठवलं. त्यांचा राग कधी आला नाही. घरातलं एक तोंड कमी करायचं होतं, आणि सगळ्यांत सहज उचलता येईल असं तोंड माझंच होतं. वखारीत मात्र माझ्या अर्ध्या सहावीला फार मान होता. तिथे मराठी लिहिता-वाचता येणारा मी एकटा. ओंडका ट्रकमधून उतरला की त्यावर निळ्या खडूने नंबर घालायचा, डेपोवाल्यांनी हातोडीने मारलेला शिक्का वाचायचा, कुठल्या जंगलातला, कधी तोडलेला, लांबी किती, घेर किती हे वहीत उतरवायचं. चूक होईल म्हणून मी एकेक घेर तीनदा मोजायचो. करवतीवरचे मिस्त्री, हे मालवणकडचे, ते म्हणायचे, "मेल्या, तो ओंडको काय खातापिता काय? कालच्यापेक्षा आज जाडो झालो आसात म्हणान बघतस?"

मी हसायचो, आणि मिस्त्रींची पाठ वळली की चौथ्यांदा मोजायचो.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला वखारीत एक साहेब आले. पुण्याचे, पन्नाशीचे, सुती पँट आणि खिशात भिंग. गिऱ्हाईक लाकडाला वाजवून बघतं, वास घेतं, भेगा शोधतं. यांनी तसलं काही केलं नाही. ते एका ओंडक्याच्या कापलेल्या टोकासमोर सरळ मांडी घालून बसले आणि दाभणाचं टोक टेकवत टेकवत काहीतरी मोजू लागले. अर्धा तास झाला तरी उठेनात. शेठनी मला खूण केली, "साहेबला चा दे. नि बघ, बरा आहे ना माणूस."

माणूस बरा होता. ते झाडाच्या पोटातली वर्षं मोजत होते. एका पावसाळ्याला साग एक कडं घालतो, हे वखारीत सगळ्यांना ऐकून माहीत होतं. पण पाऊस चांगला तर कडं जाड, पाऊस कमी तर कडं बारीक, असं असतं हे मला त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, "सरकारी पर्जन्यमापक असून असून किती जुने असणार? हा त्याच्या आधीपासून उभा आहे. रोज कोणी वाचायला गेलं नाही, तरी याने लिहून ठेवलंय."

मग त्यांनी मला एक बारीक कडं दाखवलं. भिंगाशिवाय ते दिसलंच नसतं. सालीकडून आत मोजत जाऊन म्हणाले, "हे अठरा साल. मानमोडीच्या साथीचं."

मानमोडीचं नाव मी घरी ऐकलं होतं. पाऊस गेला आणि मागोमाग ताप आला, एका घरातले चौघे चौघे गेले, असं वडील त्यांच्या वडलांकडून ऐकलेलं सांगायचे. ती गोष्ट नखाएवढ्या जागेत, नाशकाकडच्या कुठल्यातरी डोंगरातल्या सागात बसलेली होती. मी बराच वेळ भिंगातून बघत राहिलो. साहेबांनी भिंग परत मागितलं नाही.

त्यानंतर साहेब चार-पाच दिवस रोज यायचे. मला ओंडक्यांचे शिक्के वाचता येतात म्हणून त्यांनी मलाच जवळ ठेवून घेतलं. मला ते "तुम्ही" म्हणायचे. वखारीत मला तुम्ही म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे पहिले दोन दिवस मी मागे वळून बघायचो.

दुपारच्या चहाला ते बोलायचे. पाऊस का जातो हे त्यांनी मला बशीतल्या चहात दाखवलं. बशी माझ्या हातात दिली आणि एका बाजूने फुंकर घालायला सांगितलं. चहा पलीकडच्या काठाशी गोळा झाला. "आता फुंकर थांबवा." चहा अलीकडे परत आला. ते म्हणाले, जगातला सगळ्यांत मोठा समुद्र असाच आहे. वारा पूर्वेकडून फुंकतो, वरचं गरम पाणी आशियाच्या बाजूला जमा होतं, ढग इकडे, पाऊस इकडे. काही वर्षांनी एकदा ती फुंकर मंदावते. गरम पाणी पलीकडे, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे सरकतं आणि पावसाची बैठकच हलते. तिकडच्या कोळ्यांची जाळी रिकामी येतात, वाळवंटात पूर येतात, आणि आपल्याकडे, ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेच्या काही भागांत आभाळ कोरडं पडतं. दर वेळी पडतंच असं नाही, पण पुष्कळदा. गेल्या साली ती फुंकर अशीच मंदावली होती.

"म्हणजे करवतीसारखं," मी म्हणालो. आमच्याकडे मोठा ओंडका अजूनही कधीकधी खड्ड्यावर आडवा ठेवून दोघे कापायचे, एक वर उभा, एक खाली. वरचा ओढतो तेव्हा खालचा सोडतो.

साहेबांनी बशी खाली ठेवली. "अगदी तसंच. हवेचा दाब एका टोकाला वाढला की दुसऱ्या टोकाला उतरतो. हे करवतीचं उदाहरण मी आता वर्गात वापरणार."

त्यांनी खरंच वापरलं की नाही माहीत नाही. पण त्या वाक्यावर मी आठवडाभर खूश होतो.

शेठना एकच हवं होतं, की याचा काही हिशेबी नेम आहे का. दर इतक्या वर्षांनी दुष्काळ, असा. त्यांनी कुठेसं ऐकलं होतं की सूर्यावर अकरा वर्षांनी डाग वाढतात आणि पाऊस त्याप्रमाणे चालतो. साहेब म्हणाले, "सांगणारे खूप आहेत. मी शेकडो कडी मोजली. अकरा कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. समुद्राचंही तेच, कधी तीन वर्षांनी उलटतो, कधी सात. एवढं मात्र खरं, की वाईट वर्षं बऱ्याचदा सोबतीने येतात. मिसरच्या लोकांनी नाईल नदीचे पूर शेकडो वर्षं मोजून ठेवलेत. तिथेही तेच. चांगली वर्षं घोळक्याने, वाईटही घोळक्याने."

शेठ म्हणाले, "घोळक्याने तर आमचे पावणे पण येतात," आणि फोन घ्यायला उठले. मी मात्र तो शब्द वहीच्या कडेला लिहून ठेवला.

कारण त्याच आठवड्यात वडलांचं पत्र आलं होतं. वडलांना लिहिता येत नसे, गावातले मास्तर लिहून द्यायचे, त्यामुळे पत्रात वडलांचा आवाज शोधावा लागे. बहात्तरचा पावसाळा आमच्या भागात कोरडाच गेला होता. विहिरीच्या तळाशी फूटभर पाणी, तेही गाळासकट. वडील आणि आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते, धाकटी बहीण पाटी वाहत होती. रेशनला परदेशातून आलेला तांबडा मिलो जोंधळा मिळायचा, कामावर सुकडीचा कोरडा खाऊ. पण तेवढ्याने तिघांचं भागत नव्हतं. घरात धान्य म्हणावं असं एकच उरलं होतं, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं जोंधळ्याचं आणि तुरीचं बी. पत्राच्या शेवटी मास्तरांच्या वळणदार अक्षरात होतं, "तू शहाण्या लोकांत राहतोस. येत्या मृगाला पाऊस आहे का, हे कोणाला तरी विचारून कळव. असेल तर बी राखतो. नसेल तर ते पेरून मातीत घालवण्यापेक्षा आत्ताच खाल्लेलं बरं. तुझ्या उत्तरावर आहे."

तुझ्या उत्तरावर आहे. ओंडक्याचा घेर चारदा मोजणाऱ्या माणसाला वडलांनी हे लिहिलं होतं.

मी ठरवलं, साहेबांना विचारायचं. पण नुसतं तोंड वर करून कसं विचारणार? आधी त्यांच्या उपयोगी पडू, मग विचारू. पुण्याला परत जाताना त्यांनी एक ओंडका निवडला होता. नुकताच हिवाळ्यात तोडलेला, सालीसकट आलेला, दोघांच्या मिठीत न मावणारा. त्यावर खडूने फुली मारून ते म्हणाले, "बुंध्याकडून तीन चकत्या काढून ठेवाल? चार बोटं जाडीच्या. मी पंधरा दिवसांनी येतो."

मी "हो" म्हणालो. ही चकत्यांची गोष्ट आता इतक्या वर्षांनी सांगतानाही माझे कान तापतात.

झालं असं. वखारीचा एक धर्म असतो. सागाचा गाभा सोनेरी, पक्का. त्याच्याभोवती सालीखाली तीन-चार बोटं पांढरं लाकूड असतं. त्याला कीड लागते, वाळवी लागते. ते गिऱ्हाइकाला देणं म्हणजे फसवणं. चांगल्या गिऱ्हाइकाचा ओंडका आधी चारी बाजूंनी चौरस करायचा, साल आणि पांढरं सगळं काढायचं, मग पुढचं काम. साहेब तर माझ्या लेखी सगळ्यांत चांगलं गिऱ्हाईक. मी मिस्त्रींना सांगितलं, एक रेघ पांढरी राहता कामा नये. मिस्त्रींनी पट्ट्याच्या करवतीवर ओंडका चढवला, चारी अंगांनी सालीच्या फळ्या पाडल्या, मग बुंध्याकडून तीन चकत्या काढल्या. मी त्यांना दोन दिवस काचकागद घासला. आरशासारख्या झाल्या. सालीच्या चार फळ्या कोपऱ्यात पडल्या होत्या, त्या आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या खारदांड्याच्या कोळीण मावशीने मागितल्या, शेठनी देऊन टाकल्या.

साहेब आले. मी चकत्यांवरचं फडकं काढलं.

ते एका चकतीच्या कडेवरून बोट फिरवत गेले, चारही बाजूंनी. मग खाली बसले.

"साल?" त्यांनी विचारलं.

"काढली साहेब. आणि पांढरं पण. अगदी गाभ्यापर्यंत स्वच्छ केलंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "झाडाचं शेवटचं कडं सालीला लागून असतं," ते हळूच म्हणाले. "तिथून उलटं मोजायचं. ते गेलं की आतलं कुठलं कडं कुठल्या वर्षाचं हेच सांगता येत नाही. आणि मला या झाडाचं बहात्तरच मुख्य हवं होतं. ते अगदी बाहेरचं होतं."

मिस्त्री मागे उभे होते, ते म्हणाले, "साहेबानु, पांढरा दिला आसता तर शेठनी आमका उभो जाळलो आसतो."

साहेब हसले, आणि त्यांच्या हसण्याने मला जास्त वाईट वाटलं. "चूक माझी. मला सांगायला हवं होतं. माझ्या लेखी ते इतकं उघड होतं की सांगायचं सुचलं नाही."

मला रागावून घ्यायचं होतं. शाळेत, गावात, वखारीत, रागावलेल्या माणसापुढे कसं उभं राहायचं ते मला येत होतं. हे येत नव्हतं. मी म्हणालो, "फळ्या मी आणतो साहेब. कुठे आहेत ते माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार. शेठकडून एक चांगली सागाची फळी मागून घेतली, बदल्यात द्यायला. शेठ म्हणाले, "सालीच्या फळीसाठी सागवान? साहेबला लागण झाली, आता तुलापण." पण दिली. खांद्यावर ती फळी आणि पिशवीत हातकरवत घेऊन मी खारदांड्याला गेलो.

मावशीचं घर विचारावं लागलं नाही. गल्लीतल्या उघड्या गटारावर माझ्या दोन फळ्या साल वर करून आडव्या टाकलेल्या होत्या. मला त्या ओळखीच्या माणसासारख्या दिसल्या. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि मावशी दारात बसून जाळ्यातला कचरा वेचत होती.

"काय रं पोरा, रविवारचा इकरं? मासं तर मी तुमच्या दारावर आनते."

मी सगळं सांगितलं. झाडाचं कडं, बहात्तर साल, साहेब, माझी चूक. घाबरलो की मी जास्त बोलतो. समुद्राची गोष्टही सांगितली, की गरम पाणी पलीकडे सरकलं म्हणून अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची जाळी रिकामी आली, आणि त्याच पाण्यामुळे आमच्या गावची विहीर आटली.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांची जाली रिकामी, तर माज्या फल्या नेल्यावर त्यांना मासं गावनार हाय काय?"

शेजारची एक बाई आतून हसली.

"तसं नाही मावशी. एक छोटा तुकडा पुरेल. बुंध्याकडचा. ही बघ, बदल्यात चांगली फळी आणलीय."

फळी तिने वाजवून बघितली, कडेवर नख मारलं, आणि ती मला गिऱ्हाईक म्हणून फार आवडली. पण गटारावरच्या दोन्ही फळ्यांची रुंद बाजू, म्हणजे बुंध्याकडची, कापलेली होती. फळ्या गल्लीत मावत नव्हत्या म्हणून तिच्या दिराने टोकं उडवली होती. उरलेल्या दोन फळ्यांचं जळण होऊन गेलेलं.

"टोकं कुठायत?"

"एक चुलीत गेला. एक हाय. पान्याच्या पिंपाखाली."

पिंप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तुडुंब भरलेलं. त्या उन्हाळ्यात मुंबईतही पाण्याची ओढ होती, गल्लीचा नळ सकाळी थोडा वेळ यायचा. मावशी म्हणाली, "पिंप खाली झाला का ने. परवा ये."

परवा साहेब पुण्याला परत गेलेले असणार. मी म्हणालो, "मी पाणी काढून देतो. एक थेंब सांडणार नाही."

"सांडला तर?"

"सांडला तर अंधेरीवरून आणून देईन."

"अंधेरीसनं," ती शेजारणीला म्हणाली, "ऐकला? पोरगा अंधेरीसनं पानी आनतंय." पण उठली. शेजारणीकडून दोन हंडे, एक बादली, कुणाकडून तरी मोठं पातेलं गोळा झालं. मी तांब्याने पाणी काढत गेलो. इतक्या जपून की मावशीला कंटाळा आला, तिने तांब्या हिसकावून घेतला आणि झपाझप भरत सुटली. थोडं सांडलंच. ती म्हणाली, "तो माजा हिस्सा. तुज्या नावावर न्हाय."

पिंप कलतं केलं आणि मी खालून तुकडा ओढला. हातभर लांब, ओला, एका अंगाला शेवाळ धरलेलं, मीठ आणि माशांच्या खवल्यांचा वास. पण साल होती. सालीची एक ढलपीसुद्धा निघाली नव्हती. पिंपाखाली मी आणलेल्या फळीचा तुकडा कापून बसवला, पाणी परत भरून दिलं. निघताना मावशीने कागदात बांधलेले सुके बोंबील हातावर ठेवले. "साहेबाला दे. नायतर म्हनंल कोलणीने फल्या चोरल्या."

बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "हे काय, मगर मारून आणलीस काय?" लोक लांब सरकले, त्यामुळे मला बसायला ऐसपैस जागा मिळाली.

साहेबांनी तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला. सावलीत ठेवून पुसला, टोक पातळ कापलं, घासलं. मग चकतीच्या एका बाजूला लावून बघितला. सांधा जमेना. करवतीच्या पात्याने मधलं थोडं लाकूड भुसा होऊन गेलं होतं. मला वाटलं, संपलं. पण ते म्हणाले, "थांबा. चौकोनाच्या कोपऱ्यांवर कडी जरा बाहेरपर्यंत शिल्लक आहेत. तिथून धरू." तुकड्यावरचं एक ठळक जाड कडं त्यांनी कोपऱ्यावरच्या तशाच कड्याशी जुळवलं, त्याच्या अलीकडची दोन बारीक, पलीकडचं एक मध्यम, सालीपासून एकदा आत मोजून वर्षं पक्की केली, आणि मग ते दाभणाने मोजत परत बाहेर निघाले. मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. पासष्ट. सहासष्टपण तसंच. मी शाळा सोडली ती दोन वर्षं शेजारी शेजारी, केसासारखी. मग जरा बरी वर्षं. आणि सालीला चिकटून, काळ्या रेषेसारखं एक. बहात्तर.

"हे," साहेब म्हणाले. एवढंच.

आता विचारायची वेळ होती. मी वडलांचं पत्र खिशातून काढून त्यांच्या हातात दिलं, कारण तोंडाने सांगता आलं नसतं. त्यांनी ते सावकाश वाचलं. मग परत चकतीकडे वळले आणि आतून बाहेर एकेक बारीक कडं शोधून त्याच्या पुढचं बघत गेले. मला मोजायला लावलं. बारीक कड्यानंतर जाड कडं पुष्कळदा होतं. पण काही ठिकाणी बारीकच्या पुढे बारीक, आणि एके ठिकाणी लागोपाठ तीन.

"तिकडच्या समुद्राचं पाणी परत थंड पडायला लागलंय अशी बातमी आहे," ते म्हणाले. "ती आपल्यासाठी चांगली खूण. माझं स्वतःचं बी असतं तर मी राखलं असतं. पण तुमच्या वडलांना पाऊस येणार असं मी सांगू शकत नाही. मला माहीत नाही. हे झाड मागचं सांगतं. पुढचं याला ते साल उगवल्याशिवाय कळत नाही."

मी मान हलवली. त्या क्षणी मला त्यांचा थोडा राग आला होता, हे कबूल करतो. इतका शिकलेला माणूस, आणि माहीत नाही म्हणतो.

पण त्या रात्री पत्र लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मी चुकीचा प्रश्न घेऊन हिंडत होतो. पाऊस येणार की नाही हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. मडकं मात्र मला वाचवता येत होतं. तीन तोंडांनी ते मृगापर्यंत टिकणार नव्हतं, एका तोंडाने टिकलं असतं. मी लिहिलं, "साहेबांना माहीत नाही. आई आणि बहिणीला इकडे पाठवा. मी इथे त्यांचं बघतो. तुमच्या एकट्याचं रेशनवर भागेल. बी राखेतच राहू द्या." सकाळी मास्तरांच्या पत्त्यावर टाकून दिलं. पेटीत पडल्यावर पाच मिनिटं पेटीजवळ उभा राहिलो.

शेठना सांगितलं तेव्हा त्यांनी वखारीमागची भुसा ठेवायची खोली रिकामी करून दिली. आई आली ती डोक्यावर एक गाठोडं घेऊन, बहिणीचा हात धरून. पहिल्या दिवशी दोघी नुसत्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी आईने भुशाची शेगडी ठासून पेटवली आणि वखारीतल्या सगळ्यांना भाकरी केली. मिस्त्री दोन खाऊन उठले, बाहेर गेले, आणि परत येऊन तिसरी मागितली. बहिणीला मी महापालिकेच्या शाळेत घातलं. तिचं वय वर्गातल्या मुलींपेक्षा जास्त होतं. घरी येऊन ती मला नकाशात पॅसिफिक दाखवायची, तोही मी विचारलं म्हणून.

बी राखल्याचा माझा घोर मात्र गेला नाही. ज्येष्ठभर मी रोज पेपरातलं हवामान वाचत होतो. वडलांचं पत्र आषाढात आलं. त्यात मास्तरांनीही फार शब्द खर्च केले नव्हते. पेरणी झाली, उगवण बरी, तुझ्या आईला निंदणीला पाठव. आई गेली. बहीण राहिली, शाळा होती म्हणून.

माघात वडील स्वतः आले. पाठीवर जोंधळ्याचं पोतं. ते मला किंवा शेठना नव्हतं. त्यांना साहेबांकडे जायचं होतं. आम्ही पुण्याला गेलो. साहेबांच्या खोलीत भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर लाकडाच्या चकत्या, शेकड्यांनी. वडील दारातच थबकले, पोतं तसंच पाठीवर.

साहेब म्हणाले, "हे मी कसं घेऊ? मी तर तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं."

वडलांनी पोतं उतरवलं. "साहेब, आमच्या गावात पाऊस येनार म्हनून सांगनारे चार होते, न्हाई म्हनून सांगनारे पाच. समद्यांनी सांगायचे नारळ घेतले. तुमी ठावं न्हाई म्हनला, तवा पोरगं त्याच्या डोक्यानं चाललं. ह्याला डोकं हाय हे मला बी नवं होतं."

साहेब माझ्याकडे बघून हसले. मी जमिनीकडे बघत होतो.

"आणि बी?" त्यांनी विचारलं. "पुढच्या सालचं?"

"राखलंय. औंदा दोन मडकी." वडील पोत्याचं तोंड सोडू लागले. गाठ घट्ट बसली होती, मुंबईहून निघताना ती मीच परत बांधली होती, तीनदा. साहेबांनी कपाटातून रिकामे डबे काढले, एका डब्यातली दाभणं ओतून टाकली, आणि तिघांनी मिळून जोंधळा त्यांत भरला. थोडा फरशीवर सांडला. वडील खाली बसून एकेक दाणा वेचत होते, आणि साहेबही त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.